आयटीचे तिमाही निकाल: भावात आधीच काय धरलंय हे कसं ओळखायचं?

मुळामुठा
एप्रिलचा हंगाम तोंडावर आला. नेहमीप्रमाणे टीसीएस नारळ फोडेल, मग इन्फोसिस, विप्रो, एचसीएलटेक आणि मागाहून मध्यम आकाराची मिडकॅप मंडळी. दर वेळी तोच गोंधळ होतो. मथळा 'नफा १२ टक्के वाढला' असा, आणि शेअर सकाळी ५ टक्के खाली. किंवा निकाल मरगळलेला आणि शेअर वर. "अपेक्षेपेक्षा कमी" असं वाहिनीवरचे सांगतात, पण ती अपेक्षा नेमकी कुणाची आणि ती निकालाच्या आधी कुठे वाचायची?

'दीर्घ मुदतीत सगळं ठीक होतं' छापाचे प्रतिसाद नकोत. आकडे कुठले, कुठल्या क्रमाने बघायचे आणि कुठे फसगत होते, तेवढंच लिहा.

कोथिंबीर
दहावीला ९२ टक्के पडले तरी शेजारच्या काकू "आमच्या बंटीला ९४" म्हणतात. ती काकू म्हणजे बाजार. पुढचं जाणकार सांगतीलच.

ताळेबंद
पहिली फसगत नफ्याच्या आकड्यातच आहे. आयटी कंपनीचा निव्वळ नफा सगळ्यात शेवटी बघा. त्यात इतर उत्पन्न, कराचा दर आणि एकवेळचे खर्च मिसळलेले असतात. ऑक्टोबर-डिसेंबर २०२३च्या तिमाहीत टीसीएसने एपिक सिस्टिम्सच्या दाव्यापोटी ९५८ कोटींची तरतूद केली. त्यामुळे जाहीर नफा ११,०५८ कोटी दिसला, ती तरतूद वगळली तर ११,७३५ कोटी. सप्टेंबर २०२५च्या तिमाहीत कर्मचारी कपातीपोटी १,१३५ कोटींचा असाच एकवेळचा खर्च होता. अशा वेळी दोन वाहिन्या दोन वेगळी टक्केवारी दाखवतात आणि दोन्ही बरोबर असतात!

क्रम असा ठेवा: कॉन्स्टंट करन्सीतली तिमाही-दर-तिमाही महसूलवाढ, मग ईबीआयटी मार्जिन (व्याज आणि कर वजा करण्याआधीचा नफा महसुलाच्या किती टक्के), मग करारांचा आकडा, मग गायडन्स, म्हणजे पुढच्या काळाबद्दल कंपनीने स्वतः दिलेला अंदाज. कंपनीच्या संकेतस्थळावर प्रेस नोटच्या शेजारी 'फॅक्ट शीट' असते. पाच-सहा पानांची. ती आधी उघडा, प्रेस नोट नंतर. प्रेस नोटमध्ये विशेषणं असतात, फॅक्ट शीटमध्ये नसतात.

उकडीचा मोदक
कॉन्स्टंट करन्सी म्हणजे रुपया-डॉलरचा परिणाम काढून टाकणं ना?

ताळेबंद
तिथेच निम्मे लोक घसरतात. रुपया-डॉलर नव्हे, डॉलर विरुद्ध बाकीची चलनं. समजा कंपनीचा महसूल १०० आहे. त्यातले ६० डॉलरमध्ये, ३० युरोत, १० पौंडात. तिमाहीत युरो डॉलरच्या तुलनेत ४ टक्के वधारला आणि पौंड ३ टक्के. म्हणजे ३० वर १.२ आणि १० वर ०.३, एकूण १.५ टक्के महसूल काहीही न करता वाढला. डॉलरमधली वाढ २ टक्के जाहीर झाली तर खरी वाढ अर्धा टक्काच.

रुपया घसरला की रुपयातला महसूल आणि मार्जिन सुधारतं, ती गोष्ट वेगळी. ढोबळ हिशेब म्हणजे रुपया १ टक्का घसरला की मार्जिनला २५ ते ३० बेसिस पॉइंटचा (एक बेसिस पॉइंट म्हणजे टक्क्याचा शंभरावा भाग) हात मिळतो. मार्जिन ४० बेसिस पॉइंट सुधारलं आणि रुपया त्याच तिमाहीत दीड टक्का पडला असेल, तर व्यवस्थापनाला शाबासकी देण्याचं कारण नाही.

एक्सेलवीर
मूळ प्रश्नाचं माझं उत्तर: अपेक्षा तीन थरांत असते. ब्रोकरांच्या अहवालांची सरासरी, म्हणजे कन्सेन्सस. कंपनीच्या स्वतःच्या गायडन्समधून निघणारं गणित. आणि भाव स्वतः काय म्हणतोय. तिन्ही एकमेकांशी जुळतीलच असं नाही, आणि मजा तिथेच असते.

यातला दुसरा थर फुकट आहे, तरी फारसं कुणी बघत नाही. आधी एवढं लक्षात घ्या: इन्फोसिस आणि एचसीएलटेक वर्षाचं गायडन्स देतात, विप्रो फक्त पुढच्या तिमाहीचं, टीसीएस काहीच देत नाही.

आता वर्षाच्या गायडन्सचं गणित. समजा गेल्या वर्षाच्या चार तिमाह्या ९७, ९८, ९९, १००. बेरीज ३९४. पुढच्या वर्षी कंपनी काडीचीही वाढली नाही, प्रत्येक तिमाही १००, तरी बेरीज ४००. म्हणजे १.५ टक्के वाढ आपसूक! दर तिमाहीला १ टक्का वाढली तर बेरीज ४१०.१, वाढ ४.१ टक्के. पहिलीच तिमाही ९९ वर घसरली आणि तिथेच राहिली तर ३९६, वाढ अर्धा टक्का. तेव्हा या कंपनीने '१ ते ३ टक्के' गायडन्स दिलं तर खालचं टोक म्हणजे वर्षभर जवळपास ठप्प, आणि वरचं टोक म्हणजे तिमाहीला अर्ध्या टक्क्याच्या थोडं वर. वर्ष ज्या पातळीवर संपतं, इथे १००, त्याला 'एक्झिट रेट' म्हणतात. मार्च तिमाही कमजोर गेली की पुढच्या वर्षाचं गायडन्स तिथेच कापलं जातं, मग निकालानंतर विश्लेषकांबरोबरच्या फोनवर व्यवस्थापक कितीही हसरे असोत.

पंतांचा वाडा
+१. एप्रिल २०२३ हे याचं पाठ्यपुस्तकातलं उदाहरण. इन्फोसिसचं मार्च २०२३ला संपलेल्या वर्षाचं गायडन्स १६ ते १६.५ टक्के होतं, वर्ष संपलं १५.४ वर. मार्च तिमाहीत महसूल कॉन्स्टंट करन्सीत ३.२ टक्के घटला. नव्या वर्षाचं गायडन्स ४ ते ७. निकाल गुरुवारी, १३ एप्रिलला, शुक्रवारी आंबेडकर जयंतीची सुट्टी, मग शनिवार-रविवार. सोमवारी १७ तारखेला शेअर ९ टक्क्यांहून जास्त पडून बंद झाला, दिवसभरात त्याहून बराच खाली जाऊन आला होता. जुलैत तेच गायडन्स १ ते ३.५ वर आणलं, पुन्हा सुमारे ८ टक्के घसरण. वर्ष संपलं १.४ वर.

आणि त्या लांब सुट्टीत अंधार नव्हता. न्यूयॉर्कला इन्फोसिसच्या एडीआरचे (तिथे डॉलरमध्ये चालणारं आपल्या शेअरचं रूप) गुरुवार आणि शुक्रवार असे दोन दिवस व्यवहार झाले होते. एक एडीआर म्हणजे एक शेअर, भाव गुणिले डॉलरचा दर, झालं. सोमवारचा धक्का शुक्रवारी रात्रीच लिहून ठेवलेला होता. ही सोय फक्त इन्फोसिस आणि विप्रोला, टीसीएस-एचसीएलचे एडीआर तिथे नाहीत.

कट्ट्यावरचा
पंत, एडीआर बघून सोमवारी सकाळी करणार काय? सव्वानऊला भाव आधीच खाली उघडतो. माहिती मिळाली, पण वापरायला दरवाजा बंद.

पंतांचा वाडा
वापर विकायला नाही, घाबरून सव्वानऊला बाजारभावाने विकण्यापासून वाचायला. उघडताना भाव एडीआरच्या हिशेबाहूनही ५ टक्के खाली दिसला तर ती घाई असते, बातमी नव्हे. त्या सोमवारी तळापासून बऱ्यापैकी सावरलाच ना?

बेसिस पॉइंट
एक्सेलवीर यांच्या गणिताची दुसरी बाजू जास्त उपयोगी आहे: वर्षाच्या मध्यात उलटं काढायचं. तीन तिमाह्या झाल्या, वर्षाचं गायडन्स माहीत आहे, म्हणजे चौथी तिमाही किती हवी ते वजाबाकीने निघतं. जानेवारी २०२५मध्ये इन्फोसिसने गायडन्स *वाढवलं*, ३.७५-४.५ वरून ४.५-५ टक्के. मथळे आनंदी. पण वजाबाकी केली तर जानेवारी-मार्चमध्ये महसूल घटणार हे त्यातूनच निघत होतं. शिवाय डिसेंबर तिमाहीच्या वाढीत दुसऱ्यांकडून घेऊन पुढे विकलेल्या वस्तूंचा वाटा किती, हा प्रश्न होता. शेअर जवळपास ६ टक्के पडला. पुढे मार्च तिमाही ३.५ टक्क्यांनी घटली आणि वर्ष ४.२ वर संपलं, वाढवलेल्या गायडन्सच्या खालच्या टोकाच्याही खाली.

'गायडन्स वाढवलं' हे वाक्य ऐकलं की आधी कॅल्क्युलेटर काढावा.

उकडीचा मोदक
'दुसऱ्यांकडून घेऊन पुढे विकलेल्या वस्तू' म्हणजे?

ताळेबंद
ग्राहकाला सर्व्हर, परवाने वगैरे लागतात, ते कंपनीच घेऊन देते. पैसे महसुलात येतात पण नफा नगण्य, आणि पुढच्या तिमाहीत ते गायब. टीसीएसचं बीएसएनएलचं ४जी कंत्राट बघा. उपकरणं पोचत होती तेव्हा भारतातला महसूल फुगला, काम सरत आलं तसा ओसरला, आणि जून २०२५च्या तिमाहीत एकूण महसूल कॉन्स्टंट करन्सीत वार्षिक ३.१ टक्के घटला. फॅक्ट शीटमध्ये प्रदेशनिहाय वाटा असतो. 'भारत' अचानक फुगला की समजायचं. खर्चाच्या तपशिलात उपकरणं-परवान्यांची ओळ असते, ती महसुलापेक्षा वेगाने वाढतेय का तेही बघा.

कोथिंबीर
म्हणजे लग्नात आहेराची पाकिटं मोजून 'यंदा पगार वाढला' म्हणण्यासारखं.

एक्सेलवीर
कोथिंबीर, हे पुढच्या वेळी मीच वापरणार.

हिंजवडी फेज तीन
करारांच्या आकड्याबद्दल कुणी बोललं नाही. टीसीव्ही, म्हणजे तिमाहीत सही झालेल्या करारांचं पूर्ण मुदतीचं एकूण मूल्य, हा सगळ्यात जास्त ओरडून सांगितला जाणारा आणि सगळ्यात कमी कामाचा आकडा. टीसीएसचा मार्च २०२५च्या तिमाहीतला टीसीव्ही १२.२ अब्ज डॉलर, घसघशीत. त्याच्या पुढची तिमाही म्हणजे ताळेबंद यांनी वर दिलेली ३.१ टक्क्यांची घट.

कारणं सरळ आहेत. १० अब्जांचे करार तीन वर्षांचे असले तर वर्षाला ३.३, पाच वर्षांचे असले तर २. मुदत लांबली की टीसीव्ही फुगतो, महसूल नाही. त्यात नूतनीकरण किती आणि नवीन किती? जुनाच ग्राहक जुन्याच कामासाठी पुन्हा सही करतो आणि वर १५-२० टक्के सूट मागतो, हल्ली तर 'एआयमुळे तुमचे माणसांचे तास वाचतात, त्यातला आमचा वाटा द्या' म्हणून. हा करार टीसीव्हीत पूर्ण मोजला जातो आणि महसूल मात्र कमी होतो! इन्फोसिस ५ कोटी डॉलरवरच्या मोठ्या करारांतला 'निव्वळ नवीन' टक्का वेगळा देते, तो बघा. बाकीच्यांच्या फोनवर कुणीतरी विश्लेषक हा प्रश्न विचारतोच. उत्तर टाळलं तर तेच उत्तर.

कट्ट्यावरचा
थोडं असहमत. जानेवारी २०२५मध्ये टीसीएसचा महसूल फार काही नव्हता, टीसीव्ही १०.२ अब्ज आला आणि दुसऱ्या दिवशी शेअर ५ टक्क्यांहून जास्त उडाला. बाजार ज्याला भाव देतो तो आकडा बिनकामाचा कसा?

हिंजवडी फेज तीन
बाजाराने तेव्हा भाव दिला तो टीसीव्हीला की 'मागणी परत येतेय' या फोनवरच्या सुराला, हे वेगळं काढता येत नाही. निकालाआधी शेअर किती पडून आला होता तेही धरा. पण मान्य, 'बिनकामाचा' जरा जास्त झालं. एका दिवसासाठी कामाचा, वर्षासाठी नाही.

पंतांचा वाडा
हंगामाचं भान ठेवा, नाहीतर तिमाही तुलना फसवते. ऑक्टोबर-डिसेंबरमध्ये अमेरिकन ग्राहकांच्या सुट्ट्या, कामाचे दिवस कमी. त्याच तिमाहीत एचसीएलटेक मात्र उलट चमकते, कारण तिच्या सॉफ्टवेअर विभागाचे परवाने तेव्हा जास्त विकले जातात, आणि मार्चमध्ये तेच खाली येतं. दर जानेवारीला 'एचसीएलने बाजी मारली' आणि दर एप्रिलला 'एचसीएलने निराश केलं' हे मथळे आधीच टाइप करून ठेवले तरी चालतील. पगारवाढ ज्या तिमाहीत लागू होते तिथे मार्जिनला दीड-दोन टक्क्यांचा फटका बसू शकतो. पगारवाढ पुढे ढकलली तर मार्जिन 'अपेक्षेपेक्षा चांगलं' येतं. ती उधारी आहे.

आणि अक्सेंचर ही परदेशी आयटी कंपनी विसरू नका. त्यांचं वर्ष ऑगस्टअखेर संपतं, म्हणून त्यांचे निकाल सप्टेंबर, डिसेंबर, मार्च आणि जूनच्या उत्तरार्धात, आपल्यांच्या दोन-तीन आठवडे आधी. मार्च २०२४मध्ये त्यांनी वर्षाचं गायडन्स २-५ वरून १-३ टक्क्यांवर आणलं आणि दुसऱ्या दिवशी आयटी शेअरांचा निर्देशांक निफ्टी आयटी लाल. तेव्हा एप्रिलच्या निकालाची निम्मी अपेक्षा मार्चमध्येच ठरलेली असते.

सॅन होजेकर
इकडची गंमत वेगळी. अमेरिकन कंपन्या पुढच्या तिमाहीचं गायडन्स मुद्दाम हात राखून देतात, म्हणजे 'मागे टाकलं' म्हणता यावं. त्यामुळे कन्सेन्सस गाठणं म्हणजे नापास. मे २०२३मध्ये एनव्हिडियाने पुढच्या तिमाहीला ११ अब्ज डॉलर सांगितले, विश्लेषक ७ अब्जांच्या जरा वर धरून होते, शेअर दुसऱ्या दिवशी २४ टक्के वर. ऑगस्ट २०२४मध्ये महसूल ३० अब्ज, गायडन्स ३२.५ अब्ज, दोन्ही कन्सेन्ससच्या वर, तरी शेअर ६ टक्के खाली. कारण मागच्या तिमाह्यांत कन्सेन्सस ज्या फरकाने मागे पडायचा तो फरक आटला. छापील कन्सेन्ससच्या वर एक न छापलेला आकडा असतो. मागच्या चार-सहा तिमाह्यांत कंपनीने कन्सेन्ससला सरासरी किती टक्क्यांनी मागे टाकलं ते काढा आणि आजच्या कन्सेन्ससमध्ये मिळवा. तो खरा उंबरठा, ढोबळ पण उपयोगी.

दुसरं, निकाल चांगला आणि खर्चाचा आकडा घाबरवणारा, असंही होतं. एप्रिल २०२४मध्ये मेटाने महसूल-नफा दोन्ही अपेक्षेच्या वर दिले, पण वर्षाचा भांडवली खर्च ३५-४० अब्जांवर नेला आणि शेअर १० टक्क्यांहून जास्त पडला.

तिकडून बघणाऱ्यांसाठी: बाजार न्यूयॉर्कच्या दुपारी ४ वाजता बंद होतो, म्हणजे उन्हाळ्यात तुमचे रात्रीचे दीड, हिवाळ्यात अडीच. पहिल्या दहा मिनिटांची उडी फोन सुरू झाल्यावर उलटू शकते. झोपा.

एक्सेलवीर
तिसरा थर राहिला: भाव. ऑप्शन असलेल्या शेअरला हे थेट मोजता येतं. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा (कॉल) किंवा विकण्याचा (पुट) हक्क, त्याची मुदत संपते ती एक्स्पायरी. समजा शेअर १,५०० वर, १,५००चा कॉल ४२ आणि पुट ३८. बेरीज ८०, म्हणजे एक्स्पायरीपर्यंत ५.३ टक्के हालचाल बाजाराने धरली आहे, दिशा कुठलीही असो. पण हे ८० सगळे निकालाचे नाहीत, उरलेल्या दहा दिवसांची नेहमीची हालचालही त्यात आहे. इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, म्हणजे ऑप्शनच्या भावातून निघणारी वार्षिक हालचालीची टक्केवारी, ४० दिसतेय आणि एरवी २६ असते, असं धरलं तर निकालाच्या दिवसाचा वाटा ४ टक्क्यांच्या आसपास निघतो. मागच्या आठ निकालांना शेअर दुसऱ्या दिवशी किती हलला त्याची सरासरी शेजारी मांडा. बाजार ४ धरतोय आणि इतिहास अडीच सांगतोय, तर कुणाला तरी काहीतरी मोठं अपेक्षित आहे.

कट्ट्यावरचा
आणि म्हणून दोन्ही बाजू विकत घेऊन 'कुठेही जा, मला फायदा' म्हणणाऱ्यांसाठी हिशेब. ४०० शेअरचा लॉट, ८० प्रमाणे ३२,००० प्रीमियम, म्हणजे ऑप्शनची किंमत. निकाल चांगला, शेअर ३ टक्के वर, १,५४५. सगळे टाळ्या वाजवतात. पण अनिश्चितता संपली, व्होलॅटिलिटी ४० वरून २६ वर. कॉल ५५च्या आसपास, पुट ७-८. बेरीज साधारण ६२. शेअर तीन टक्के हलला आणि ७,२०० गेले. एक्स्पायरीपर्यंत धरलं तर नुकसान टाळायला शेअर १,४२० ते १,५८० च्या पट्ट्याबाहेर जायला हवा. विकणाऱ्यांची चैन असं समजू नका, ज्या दिवशी ९ टक्के पडतो त्या दिवशी त्यांचं वर्ष जातं.

आणखी एक. आपल्याकडे शेअरच्या ऑप्शनला साप्ताहिक एक्स्पायरी नाही, मासिकच. निकाल एक्स्पायरीनंतर असेल तर चालू महिन्याच्या ऑप्शनची यादी (साखळी) बघून काही कळणार नाही, पुढच्या महिन्याची बघा. आणि सेटलमेंट प्रत्यक्ष शेअरने होते. पैशात असलेला, म्हणजे बाजारभावाहून कमी भावाचा कॉल तसाच सोडला तर ४०० शेअरचे पूर्ण पैसे, सहा लाख, तयार ठेवावे लागतात. शेवटच्या चार दिवसांत ब्रोकरकडे ठेवायची अनामत रक्कमही (तिलाही मार्जिनच म्हणतात) चढत जाते.

कोथिंबीर
हा धागा 'शेअर घ्यावा का' वरून 'सहा लाख कुठून आणू' वर गेला.

हिंजवडी फेज तीन
कंपनीत काम करणाऱ्यांसाठी एक सूचना, कारण इथे बरेच आहेत. तिमाही संपल्यापासून निकालानंतर ४८ तासांपर्यंत ट्रेडिंग विंडो बंद असते. कंपनीने ठरवलेल्या 'डेझिग्नेटेड' व्यक्तींच्या यादीत नाव असेल तर या काळात स्वतःच्या कंपनीचा शेअर घेणं-विकणं नाही, आणि एकदा घेतल्यावर सहा महिन्यांत उलटा व्यवहार नाही. यादीत नाव नसलं तरी आपल्या प्रोजेक्टची अप्रकाशित माहिती हातात असताना व्यवहार केला तर सुटका नाही. कँटीनमध्ये 'आमचं अकाउंट गेलं' ऐकून पुट घेणं हा बेत डोक्यातून काढा.

मुळामुठा
धन्यवाद मंडळी. कागदावर असं उतरवलंय, चुकत असेल तर सांगा. अक्सेंचरचा मार्चचा सूर. कंपनीचा एक्झिट रेट, त्यावरून शून्य वाढीचं वर्ष किती टक्के दाखवेल. कन्सेन्सस, अधिक मागच्या सहा तिमाह्यांतला सरासरी फरक. ऑप्शनमधली हालचाल. निकालाच्या संध्याकाळी फॅक्ट शीट, मग फोन. एक शंका: मिडकॅपला ऑप्शनमध्ये खरेदी-विक्रीच्या भावात एवढी दरी असते की बेरीज करणंच व्यर्थ वाटतं. पर्सिस्टंट, केपीआयटी यांचं काय करायचं?

बेसिस पॉइंट
तिथे पीईकडे, म्हणजे भाव दर शेअरमागच्या नफ्याच्या किती पट आहे तिकडे बघा आणि निकालाआधीच्या २० दिवसांत शेअर निफ्टी आयटीच्या किती पुढे गेलाय ते बघा. निर्देशांक २ टक्के वर आणि शेअर ११ टक्के वर, तर चांगला निकाल विकत घेऊन झालेला आहे. ५०च्या पीईचा शेअर वाढ २० वरून १८ टक्क्यांवर आली तरी जोरात आपटतो, २२च्या पीईचा शेअर वाढ ४ वरून २ वर आली तर कुरकुरतो. दोन्हीकडे दोनच टक्के कमी झाले. आणि विश्लेषक सहा-सातच असतील तर सरासरी बघू नका, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा अंदाज बघा.

एक्सेलवीर
मुळामुठा, यादीत एक दुरुस्ती. कन्सेन्सस निकालाच्या आदल्या दिवशीचा घ्या, महिन्याच्या सुरुवातीचा नको, आणि तो कॉन्स्टंट करन्सीचा आहे की डॉलरचा हे तपासा. युरो हलला असेल तर एवढ्यानेच 'अपेक्षेपेक्षा चांगला'चा 'वाईट' होतो.

उकडीचा मोदक
वाचनखूण साठवली. फोन इंग्रजीत दीड तास चालतो हो, सगळा ऐकायचा का?

पंतांचा वाडा
पहिली वीस मिनिटं प्रेस नोटचंच वाचन असतं, ती सोडा. प्रश्नोत्तरांपासून ऐका. एकच प्रश्न तिसऱ्या विश्लेषकाने पुन्हा विचारला की तिथे थांबून नीट ऐका, कारण पहिल्या दोघांना उत्तर मिळालेलं नसतं.